होल्यांचा जोडाही चालतो: नव्या ख्रिस्ती कलावंतांसाठी भीतीतून कामाकडे जाण्याची वाट

मरियेचा चेहरा मी अकरा वेळा खोडला. नाताळ दहा दिवसांवर आला होता. मंडळीनं उपासनेच्या जागी लावायला चित्र मागितलं होतं: गव्हाणीजवळ बसलेली मरिया, मांडीवर बाळ, शेजारी कंदील. बाळ झालं, कंदील झाला, गव्हाणीतला कडबासुद्धा काडी-काडीनं जमला. चेहरा काही जमेना. हनुवटी जाड वाटली म्हणून पुसली, डोळे कोरडे वाटले म्हणून पुसले, मग ती शेजारच्या ताईंसारखी दिसायला लागली म्हणून पुन्हा पुसली. जलरंगाचा कागद किती सोसणार? ओला बोळा फिरवून फिरवून त्याची लव उठली आणि तिथे ब्रश टेकवला की रंग फुटायला लागला. २२ डिसेंबरला मी पाळकसाहेबांना फोन केला आणि तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. तब्येत ठणठणीत होती. त्या वर्षी तिथे छापील फ्लेक्स लागला.

आता दर शनिवारी तरुणसंघातल्या मुलामुलींना चित्र आणि लेखन शिकवते, तेव्हा हेच वेगवेगळ्या रूपांत दिसतं. एकाची वही गाण्यांच्या पहिल्या दोन ओळींनी भरलेली, तिसरी ओळ कुठेच नाही. एकीनं महागाचे रंग घेतले आणि ट्यूबचं झाकण सहा महिन्यांत उघडलं नाही. ही मुलं आळशी नाहीत. ती घाबरलेली आहेत, आणि त्यांची भीती भक्तीचे कपडे घालून आली आहे. ‘लोक हसतील’ ही भीती सगळ्याच कलावंतांना असते. आपल्याला त्याच्यावर आणखी एक ओझं असतं: देवाला द्यायचं तर उत्तमच द्यायला हवं. हे वाक्य इतकं बरोबर वाटतं की त्याच्याशी भांडायचं धाडसच होत नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांमधली दुसरी पायरी मी सर्वांत सावकाश चढणार आहे.

पहिली पायरी: भीती एका वाक्यात लिहा

कोरा कागद घ्या आणि ‘मी हे काम सुरू करत नाही, कारण…’ असं लिहून वाक्य पूर्ण करा. एकच वाक्य. मग त्याखाली लिहा की हे वाक्य तुम्हाला कुणाच्या आवाजात ऐकू येतं. वडिलांच्या? गायकवृंदातल्या कुणाच्या? शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंच्या? आमच्या वर्गात बहुतेकांना आवाज लगेच ओळखू येतो, आणि तो देवाचा नसतो.

साधारण चार भीती निघतात. काम देवाच्या योग्यतेचं होणार नाही. मंडळीतले लोक नावं ठेवतील. मी मिरवतेय असं दिसेल. आणि चौथी, थोडी वेगळी: प्रभूचं चित्र काढणं म्हणजे मूर्तिपूजा तर नाही ना? या चौथीला हसू नका. काही मंडळ्यांमध्ये प्रभूचा चेहरा रंगवत नाहीत. तुमची मंडळी तशी असेल तर पाळकांशी बोला आणि दाखला (प्रभूनं सांगितलेली बोधकथा), झाड, हात, दिवा असं काहीतरी निवडा. पण कलाच वर्ज्य आहे असं मनात असेल तर बायबलमधलं निर्गम पुन्हा वाचा. विसाव्या अध्यायात दहा आज्ञा आहेत आणि पंचविसाव्यात कोशाच्या, म्हणजे देवाच्या कराराच्या पवित्र पेटीच्या, झाकणावर सोन्याचे दोन करूब (पंख असलेले स्वर्गीय जीव) घडवायची सूचना आहे. एकतिसाव्यात बसालेलचं नाव येतं. त्याला देवाच्या आत्म्यानं भरलं ते सोनं, रुपं, पितळ, रत्नं आणि लाकूड यांवर कारागिरी करण्यासाठी. तो एकटाही नव्हता. दान वंशातला अहलियाब त्याच्या सोबतीला दिला होता, आणि दोघांच्या मनात इतरांना शिकवण्याचीही बुद्धी घातली होती, असं पुढे पस्तिसाव्यात येतं.

दुसरी पायरी: ज्या वचनांनी हात बांधलेत ती पूर्ण वाचा

तीन वचनं आपल्याला फार छळतात.

पहिलं, अर्पणाचं जनावर निष्कलंक हवं. त्याच्या जोडीला मलाखीचा पहिला अध्याय येतो. लोक आंधळी, लंगडी, रोगट जनावरं वेदीवर आणतात आणि देव विचारतो, हे तुमच्या अधिकाऱ्याला नेऊन देऊन बघा, तो खूश होईल का? मी हे वाचून कितीतरी चित्रं फाडली. पण अध्याय शेवटपर्यंत वाचला तर राग कुणावर आहे ते दिसतं. कळपात चांगला नर असताना खराब जनावर आणणाऱ्या लबाडावर. जवळ आहे ते लपवून ठेवण्यावर. ज्याच्याकडे मुळात नाहीच, त्याच्यासाठी लेवीयच्या पाचव्या अध्यायात वेगळी सोय आहे, आणि ती मला वर्षानुवर्षं दिसलीच नव्हती. कोकरू आणायची ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं आणावीत. तीही ऐपत नसेल तर थोडं सपीठ. मूठभर सपीठ वेदीवर जळतं आणि त्या माणसाला क्षमा मिळते. कोकरू आणणाऱ्याला मिळते तीच, अर्धी नाही.

आता लूकचा दुसरा अध्याय काढा. बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा मरिया आणि योसेफ यांनी कोणतं अर्पण दिलं? पक्ष्यांचा जोडा. गरिबांसाठी ठरवलेलं अर्पण. प्रभूच्या स्वतःच्या समर्पणाच्या दिवशी त्या घराला कोकरू परवडलं नाही, आणि म्हणून कुणी त्यांना दारातून परत पाठवलं नाही. मरियेची हनुवटी खोडत बसलेली मी! तीच मरिया हातात दोन पक्षी घेऊन मंदिराच्या पायऱ्या चढली होती.

म्हणून आमच्या वर्गात एक शब्द रूढ झाला आहे. काम दाखवायला आणताना मुलं विचारतात, ‘ताई, हा होल्यांचा जोडा आहे, चालेल?’ आज तुमच्या हातात जेवढं कौशल्य आहे तेवढं पूर्ण द्या. उद्या जे येईल ते उद्याचं कोकरू.

दुसरं वचन मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं, ‘पूर्ण व्हा’. डोंगरावरच्या प्रवचनात हे कुठे येतं ते बघा. शत्रूवर प्रीती करा, देव आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो, याच्या लगेच नंतर. तिथला ग्रीक शब्द परिपक्व, पुरतं वाढलेलं, अखंड अशा अर्थानं वापरतात. प्रेम अर्धवट ठेवू नका, असं प्रभू सांगतोय. तुमच्या रेषेच्या जाडीबद्दल तिथे अक्षरही नाही.

तिसरा तो दाखला, धन्याचा पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा. ‘देवानं दिलेली देणगी पुरू नकोस’ म्हणून हा दाखला आपल्याला दटावायला वापरतात आणि भीती आणखी वाढते. पण तो चाकर स्वतः काय म्हणतो? आपण कठोर माणूस आहात हे मला माहीत होतं, म्हणून मी भ्यालो. धनी कठोर आहे असं मनात पक्कं बसलं की माणूस खड्डाच खणतो. तुमच्या मनातला देव हातात लाल पेन घेऊन बसला असेल, तर आधी त्या चित्रावर काम करा. बाकीची चित्रं त्याच्यानंतर.

तिसरी पायरी: काम पोस्टकार्डाएवढं करा

इथून पुढे हातांचं काम. साध्या चित्रकलेच्या वहीचा कागद पोस्टकार्डाच्या आकारात कापा, तीस तुकडे. महागाचा कागद आणू नका, त्याची किंमतच हात धरते. पेन्सिल आणि खोडरबर खणात ठेवा आणि शाईचं पेन घ्या. शाई पुसता येत नाही, म्हणून रेषा चुकली की ती चूक घेऊनच पुढे जावं लागतं. हीच सवय लावायची आहे.

रोज एक स्तोत्र वाचा. त्यातली एक वस्तू निवडा, भाव नको, वस्तू. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ या स्तोत्रात काठी आहे, पाणी आहे, तेल आहे, भरून वाहणारा प्याला आहे. प्याला काढा. देवाची कृपा काढायला बसलात तर दोन तास नुसते बसून राहाल. स्वयंपाकघरातला पेला समोर ठेवा, नळाखाली धरून वाहू द्या आणि बघा पाणी काठावरून कसं उतरतं. ते आधी काठावर फुगतं, मग एका बाजूनं फुटतं आणि पेल्याच्या अंगाला चिकटून खाली येतं. हे बघताना एका मुलीनं मला विचारलं, ‘म्हणजे भरून वाहिलं की पेला बाहेरूनही भिजतो?’ तिचं चित्र वाकडं आलं होतं. मला ते अजून आठवतं.

मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावा. गजर वाजला की थांबा आणि मागच्या बाजूला तारीख, स्तोत्राचा क्रमांक आणि स्वतःचं नाव लिहा. नाव लिहिणं म्हणजे गर्व नाही. ‘हे मी केलं, इतकंच झालं’ अशी ती कबुली आहे. शनिवारपर्यंत मागची चित्रं उलटून बघू नका, पाकिटात टाका.

गाणाऱ्यांनी आणि वादकांनी रोज एक कडवं रेकॉर्ड करावं. एकदाच. पुन्हा घ्यायचं नाही.

चौथी पायरी: लिहिणाऱ्यांसाठी, लक्ष्मीबाईंजवळ बसा

आपल्या घरातच इतकं मोठं उदाहरण आहे आणि आपण ते नुसतं अभिमानानं सांगतो, वापरत नाही. लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली जन्मल्या. शाळेचं शिक्षण नाही. अक्षरं घरात, लग्नानंतर शिकल्या. नवरा नारायण वामन टिळक, म्हणजे मराठीतला नावाजलेला कवी, ज्याचे अभंग आजही मराठी उपासनांमध्ये गातात. अशा घरात एखादी म्हणाली असती, माझ्या लिहिण्याला काय किंमत? पण ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा बाई पासष्टीच्या पुढे होत्या. भाषा कशी? ओसरीवर बसून सांगावं तशी. त्यात आजारपण आहे, गरिबी आहे, नवऱ्याच्या धर्मांतरानं मोडून पडलेले दिवस आहेत, आणि स्वतःची फजितीही आहे. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्यही त्यांनीच पुरं केलं.

यातून घ्यायची पद्धत सोपी आहे. आधी बोला, मग लिहा. तुम्हाला प्रभूबद्दल जे सांगायचंय ते आईला किंवा आत्याला फोनवर सांगत असल्यासारखं मोबाइलमध्ये बोला, पाच मिनिटं. मग जसंच्या तसं कागदावर उतरवा. ‘हे प्रभो, तव चरणी’ अशी ठेवणीतली भाषा पहिल्या खर्ड्यात येऊ देऊ नका. ती भाषा सुंदर आहे, पण भित्रा माणूस तिच्या आड लपतो. आणि ‘माझं मराठी शुद्ध नाही’ असं वाटत असेल, तर फादर थॉमस स्टीफन्स आठवा. इंग्लंडात जन्मलेला माणूस, मराठी मोठेपणी शिकला आणि त्या भाषेत सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. ते १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. रत्नांमध्ये हिरा तशी भाषांमध्ये मराठी, हे त्यानं परक्या जिभेनं म्हटलं.

पाचवी पायरी: सहा दिवस काम, सातव्या दिवशी हात लावायचा नाही

ही पायरी लहान दिसते, पण मला हिनंच सोडवलं. उत्पत्तीत देव काम होत जाताना ते बघतो आणि चांगलं म्हणतो. पहिल्या दिवशी प्रकाश झाला तेव्हा समुद्र नव्हता, झाडं नव्हती, माणूस नव्हता. अर्धंमुर्धं जग, तरी चांगलं. ‘फार चांगले’ हे सहाव्या दिवसाच्या शेवटी येतं. मग तो थांबतो.

तसं करा. शनिवारी संध्याकाळी आठवड्याची सहा कार्डं टेबलावर मांडा. प्रत्येकाबद्दल एक चांगली गोष्ट मोठ्यानं म्हणा: ‘या काठीचा वाक खरा आला.’ खोटं बोलायचं नाही, पण शोधायचं नक्की. मग एक गोष्ट ठरवा जी पुढच्या आठवड्यात शिकायची आहे. एकच. रविवारी वही उघडायची नाही, दुरुस्ती करायची नाही. चुकलेलं चित्र तसंच पडून आहे आणि तरी तुम्ही उपासनेला बसला आहात, गात आहात, घरी येऊन जेवत आहात. सुरुवातीला हे फार जड जातं. मला पहिल्या रविवारी दुपारी झोप लागली नाही.

सहावी पायरी: एकालाच दाखवा, आणि नीट विचारा

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, निदान पहिले तीन महिने. तिथे पंचवीस हात जोडलेले येतात आणि एक जण ‘प्रभूचे केस असे नव्हते’ म्हणतो, आणि रात्रभर तेवढंच आठवत राहतं. एक माणूस निवडा जो तुमच्यावर प्रेम करतो आणि खरंही बोलतो. ‘कसं झालंय?’ असं विचारू नका. या प्रश्नाला ‘छान’ याशिवाय उत्तरच नसतं. विचारा, ‘पहिल्यांदा नजर कुठे गेली?’ आणि ‘कुठे अडखळलात?’ ही दोन उत्तरं वहीत लिहा. बाकी चहा प्या.

सातवी पायरी: लोक बोलतील, तेव्हा

बोलतीलच. आंजेलो दा फोन्सेका यांचं नाव माहीत नसेल तर जरूर शोधा. १९०२ साली गोव्यातल्या सांत इस्तेव्ह बेटावर जन्मलेला चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये काही काळ शिकून शांतिनिकेतनला गेला, अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे. परत येऊन त्यानं मरियेला साडी नेसवली, आपल्याकडच्या बाईचा सावळा चेहरा दिला. गोव्यातल्या अनेकांना ते रुचलं नाही. विरोध इतका झाला की तो गाव सोडून पुण्याला आला आणि ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून रंगवत राहिला. १९६७ साली तो वारला. मागे शेकडो चित्रं होती, आणि आज त्यांचा मोठा संग्रह गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जपला आहे.

मी ही चित्रं बघते तेव्हा मला मरियेच्या बसण्याकडे बघत राहावंसं वाटतं. आपल्या घरातल्या बाया बसतात तशी ती जमिनीवर टेकलेली असते. माझी मरिया शेजारच्या ताईंसारखी दिसायला लागली म्हणून मी ती पुसली होती. फोन्सेकानं तीच ठेवली असती.

टीका आली की ती दोन भागांत वाटा. कामाबद्दलची असेल, म्हणजे हात लहान आलाय, सूर खाली गेलाय, तर वहीत लिहा आणि आभार माना. तुमच्या विश्वासाबद्दलची असेल, म्हणजे हे ख्रिस्ती नाही, हा दिखावा आहे, तर लगेच उत्तर देऊ नका. आठवडाभर प्रार्थनेत ठेवा, पाळकांना किंवा जाणत्या माणसाला विचारा. कधी कधी त्यातही खरं असतं. बऱ्याचदा सांगणाऱ्याला फक्त सवयीचं चित्र हवं असतं.

बिघडलेल्या कामाचं काय करायचं

फाडू नका. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात कुंभाराच्या हातातलं भांडं बिघडतं आणि तो त्याच मातीचं दुसरं घडवतो. कुंभाराकडे जाऊन हे एकदा बघा. काठ वाकडा गेला की तो हळहळत बसत नाही, दोन्ही तळवे आत दाबतो, गोळा होतो आणि चाक फिरतच असतं. चित्र बिघडलं तर त्यातला जमलेला तुकडा कापून नव्या कागदावर चिकटवा. गाणं बिघडलं तर जमलेली ओळ घेऊन पुढचं बांधा.

एक गोष्ट वेगळी

भीती फक्त कागदापुरती नसेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, आठवडेच्या आठवडे कशातच जीव लागत नसेल, तर हा लेख पुरेसा नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. विश्वास कमी पडला म्हणून असं होत नाही. प्रेषित पौलाच्या ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रासही निघाला नव्हता. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर त्याला तो काटा असतानाच मिळालं.

आज संध्याकाळी

वहीचा कागद, कात्री, एक शाईचं पेन, स्तोत्रसंहिता. मोबाइलवर वीस मिनिटं. बसण्याआधी लांब प्रार्थना नको, मी एवढंच म्हणते: ‘प्रभू, हा होल्यांचा जोडा.’ लव उठलेला तो कागद मी टाकला नाही. बाळ आणि कंदील कापून घेतले, नव्या कागदावर चिकटवले आणि शेजारच्या ताईंना म्हटलं, जरा अर्धा तास बसता का माझ्यासमोर? त्या मेथी निवडता निवडता बसल्या. हनुवटी जाडच आली आहे. आता ते चित्र संडेस्कूलच्या खोलीत, मुलं चपला काढतात त्या भिंतीवर लावलं आहे.